उघाडी

आमच्या खारबांधाला एक लाकडी झडप आहे,
तिला उघाडी म्हणतात.
ओहोटीला शेतातलं गोडं पाणी तिला बाहेर ढकलतं,
भरतीला खारं पाणीच तिला लावून घेतं.
कुणाचा हात लागत नाही.
लागतो तो बाबांचा, वर्षातून दोनदा,
बिजागरीला उंडीचं तेल घालायला.

मी रत्नागिरीत, तिसऱ्या मजल्यावर,
काळ्या पडद्यांच्या खोलीत
तसलीच एक झडप करत बसते.
काचेवर केसाएवढा पाट,
पाटाच्या तोंडाशी पिवळ्या जेलीचा ठिपका,
खसखशीहून लहान.
निळा उजेड पडला की त्याचं पिवळेपण उडतं,
तो अंग चोरतो
आणि शेजारून पाणी निघून जातं.
उजेड काढून घेतला
की पुन्हा पिवळा, पुन्हा तहानलेला,
पिऊन पिऊन फुगतो, वाट अडवून बसतो.
ना मोटर, ना स्प्रिंग, ना बोट.

एकदा पडद्याला चिरभर फट राहिली
आणि मिरकरवाड्याच्या धक्क्यावरच्या दिव्यानं
माझ्या नकळत रात्रभर दार उघडं ठेवलं.

हे सगळं एका थेंबासाठी.
भाट्याच्या पुलाखाली रोशनबी कालवं फोडते;
त्या पाण्यात काय मिसळलंय
ते तिला तिथंच, टोपलीशेजारी, कळावं म्हणून.
अजून कळत नाही.
"झालं का गो तुझं?" ती विचारते.
होतंय, म्हणते मी, तिसऱ्या वर्षी.

बाबा आले, चपला जिन्यातच काढून.
एक डोळा मिटून, नेम धरल्यासारखे
सूक्ष्मदर्शकावर वाकले.
"दार हाय," म्हणाले.
"उघाडतं कोन?"
उजेड.
"नि मिटतं कोन?"
कुणी नाही. काळोख झाला की आपणहून.
"किती वेळात?"

बावीस मिनिटं.
अहवालात मी तिथं नुसतं 'मंद' लिहिलं होतं.

बाबा हसले नाहीत.
"तवर भरती चुलीपातूर येल."

मग खाली टपरीवर, बशीत चहा ओतता ओतता:
"जाड फळी आतवर भिजाया आठवडा घेते.
वरनं फुगलेली, आत कोरडी. मग तडकते.
आमी पातळ पट्ट्या लावतो ओळीनं,
मधी नखाएवढी फट.
समद्या एकदम पितात."

जाडी दुप्पट तर वेळ चौपट:
हे माझ्या वहीत होतं, चौकट आखून, लाल शाईनं.
तरी ठिपका एकच हवा, गोल हवा, भरीव हवा
असं मला कुणी सांगितलं होतं
आठवत नाही.

नऊ खांब केले, एकापेक्षा एक बारीक,
पाटाच्या तोंडाशी रांगेत.
खोलीत लाल दिवा ठेवला;
लाल उजेड जेली ओळखत नाही,
अनोळखी पाहुण्यासमोर
मूल बसतं तशी बसून राहते.
निळा दिवा बंद केला.
मोजायला लागले, मोठ्यानं, खोलीत कुणी नसताना.
एकतीसला पहिले दोन खांब एकमेकांना टेकले.
छत्तीसला पाण्यातला रंगाचा कण
अडखळला, वळला,
चाळीसला थांबला.

मी फोन लावला. पलीकडे वारा होता,
बाबा बांधावरच असणार.
थांबलं म्हटलं.
"गळतंय का?"

गळत होतं.
दारातून नाही. कडेनं,
जिथं काच आणि रबर एकमेकांना चिकटवले होते तिथून,
एक रेघ, घामासारखी.

"बांध दारातनं जात नाय कधी," बाबा म्हणाले,
"कुर्लीच्या बिळातनं जातो."
आणि फोन ठेवला; पाणी चढत होतं तिकडे.

वहीत तारखेखाली मी लिहिलं:
झडप मिटते. चाळीस सेकंद.
कुर्ली सापडायची आहे.